सावलीच्या ठिपक्यांवर मांडव

उज्जैनच्या एका शाळेत यंदा वार्षिकोत्सवाच्या आदल्या दिवशी पटांगणाची फरशी घासून काढली. पाहुणे यायचे होते. फरशीवर ऑइलपेंटचे बारीक ठिपके होते. ते निघेनात, तेव्हा त्यांच्यावर लाल जाजम अंथरलं आणि वर व्यासपीठ उभं केलं.

ते ठिपके म्हणजे आठवीतल्या पाच मुलींचं वर्षभराचं काम होतं.

त्यांतली एक आमच्या शेजारची. पटांगणाच्या कडेला त्यांनी एक सरळ काठी रोवली होती. महिन्यातून दोनदा, ऊन असेल त्या दिवशी, तास बदलला की एकीनं धावत जायचं आणि सावलीच्या टोकावर ठिपका द्यायचा. शाळा सुटताना ठिपके जोडले की त्या दिवसाची रेघ तयार. पावसाळ्यानं आठवडेच्या आठवडे बुडवले. दिवाळीच्या सुट्टीत दोघी जणी चौकीदाराला फाटक उघडायला लावून आल्या. डिसेंबरातली रेघ एका बाजूला वाकलेली आली, तेव्हा शेजारची पोरगी ती वहीत उतरवून माझ्याकडे आली. "काकू, ही चुकलेली नाही, अशीच येते. मार्चात सरळ येणार आहे, सरांनी सांगितलंय."

सर बरोबर सांगत होते. दिवस आणि रात्र समान होतात त्या २१ मार्चच्या सुमारास सावलीचं टोक दिवसभर सरळ रेषेत चालतं. मी हे शाळेत पाठ केलं होतं, आखून कधी पाहिलं नव्हतं. या पोरी आखणार होत्या. जाजम आधी आलं.

कार्यक्रम साडेतीन तास चालला. चार पाहुणे, चार शाली, चार श्रीफळं, चार भाषणं. सिनेमाच्या गाण्यांवर नाच, ते बसवायला बाहेरून आणलेला माणूस, अंगावर भाड्याचे पोशाख. मग बक्षिसं, प्रत्येक वर्गातल्या पहिल्या तिघांना. सावली मोजणाऱ्या पाच जणींपैकी एकीचंही नाव माइकवरून आलं नाही, कारण त्यांच्या कामाला गुण नव्हते. मी त्या दिवशी चिडले आणि अजून चिडलेलीच आहे.

नाचाशी माझं वैर नाही. मुलांनी आपलं आपण गाणं निवडावं, भांडत-रुसत नाच बसवावा, आईच्या जुन्या साडीचे घागरे करावेत. असला नाच मी पहिल्या रांगेत बसून बघेन, पाय चुकला तरी टाळ्या वाजवीन. त्या चुकलेल्या पायात मुलाची मेहनत असते. विकत बसवलेल्या नाचात मूल फक्त उभं केलेलं असतं.

हे उज्जैनमध्ये व्हावं याचं दुःख अधिक आहे. याच गावात सांदीपनींचा आश्रम. कृष्ण, बलराम, सुदामा इथे शिकले अशी श्रद्धा आहे, आणि भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण-बलरामांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्याचं सांगितलं आहे. त्या कलांची यादी कधी सावकाश वाचा. गाणं, वाद्य, चित्र या तर आहेतच, पण हार गुंफणं, स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकाम, झाडांची निगा, कोडी घालणं, इतकंच काय, पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हीसुद्धा कला म्हणून मोजली आहे. ज्या परंपरेचा आपण उठता-बसता अभिमान सांगतो तिनं सुताराच्या रंध्याला आणि वीणेला एका पंगतीत बसवलं. आपल्या बक्षीस समारंभात त्या पंगतीत फक्त गणित, विज्ञान आणि इंग्रजी बसतात.

आश्रमाच्या त्या भागाला अंकपात म्हणतात. पाटीवर लिहिलेले अंक तिथल्या पाण्यात धुतले जात, म्हणून ते नाव, असं गावात सांगतात. इथल्या हिंदीत परीक्षेच्या मार्कांनाही अंकच म्हणतात. प्राप्तांक, पूर्णांक, अंकसूची. आपण मराठी माणसं मात्र मार्कांना गुण म्हणतो. फार मोठा शब्द वापरतो आपण! माळव्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांत हे दोन्ही शब्द जेवणाच्या पानावर एकत्र येतात. पोरगी म्हणते, "अंक कमी आले." आजी विचारते, "किती गुण मिळाले?" आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर अंकसूचीत कुठे असतं? दिवाळीच्या सुट्टीत फाटक उघडायला लावणारी जिद्द कोणत्या रकान्यात लिहिणार?

एक खुलासा महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. तिकडे माध्यमिक म्हटलं की नववी-दहावी डोळ्यांसमोर येते. मध्य प्रदेशात माध्यमिक शाळा म्हणजे सहावी ते आठवी. आठवी संपली की हायस्कूल, आणि बऱ्याच मुलांची शाळाच बदलते. तीन वर्षं एका बाकावर बसलेली पोरं गावभर पांगतात. शिवाय २०२२-२३ पासून पाचवी आणि आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा फेब्रुवारी प्रश्नसंचांत जातो आणि बाकी सगळं कपाटात जातं. भित्तिपत्रक उतरवतात, विज्ञानाचे नमुने गच्चीवर ठेवतात. वर्षभर जे हातांनी केलं ते शेवटच्या महिन्यात अडगळ होतं.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कृतीतून, शोधातून, धुंडाळण्यातून शिकणं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम बघावं, करावं म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं आपल्या सीएम राइज शाळांचं नाव बदलून सांदीपनी विद्यालय केलं. नाव घेतलंत, आता त्या नावाबरोबर येणारी रीतही घ्या. त्या दहा दिवसांत मुलांनी जे केलं ते वर्षाच्या शेवटी टेबलावर मांडा आणि आईबापांना बोलवा.

दाखवायचं कसं, हे या गावाला वेगळं शिकवायला नको. इथली मल्लखांबाची प्रात्यक्षिकं बघा. हा खेळ दुसऱ्या बाजीरावाचे वस्ताद बाळंभटदादा देवधर यांनी पुन्हा उभा केला. तो उज्जैनच्या मातीत असा रुजला की २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्याचा खेळ ठरवलं आणि २०२० मध्ये इथल्या योगेश मालवीय यांना मल्लखांबाचे प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मल्लखांबाचं प्रात्यक्षिक उसनं आणता येत नाही. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला एरंडेलाचा हात, आणि वर मूल. दसरंगासारखा प्रकार येतो किंवा येत नाही. वर्षभर घाम गाळला नसेल तर पहिल्या अढीलाच, पायांच्या पकडीलाच, पोरगं घसरतं, आणि घसरलेलं पोरगं पुन्हा चढतं तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खांबाजवळ बसलेल्या बायकांना मार्क ठाऊक नसतात, पण मुलाला काय आलं आणि काय यायचं राहिलंय ते त्या नेमकं सांगतात.

विज्ञानाला, बागेला, भित्तिपत्रकाला असा खांब का मिळू नये?

मनुष्यबळाचं कारण मला सांगू नका. २०२३ च्या महाशिवरात्रीला याच गावानं क्षिप्रेच्या घाटांवर एका संध्याकाळी १८,८२,२२९ दिवे लावून विक्रम केला. हजारो स्वयंसेवक राबले, त्यांत विद्यार्थीही होते. तेल ओतणारे ते हात आपल्याला चालतात, आपण त्यांचे फोटो काढतो. त्याच हातांनी वर्षभर शाळेत काय केलं हे बघायला एक दुपार द्यायची म्हटलं की वेळ नसतो.

शिक्षकांची बाजू मला दिसते. उत्तरपत्रिका, नोंदी, ऑनलाइन माहिती, त्यातून वार्षिकोत्सवाची धावपळ. काठी रोवायला शिकवणारे ते सरही त्या दिवशी खुर्च्या मोजत होते. जाजम अंथरलेलं त्यांनी पाहिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी मीही कदाचित बोलले नसते. म्हणून माझं मागणं साजासरंजामाचं नाही, उलट तो कमी करण्याचं आहे. मांडव नको, ध्वनिक्षेपक नको, पाहुणे तर नकोच. परीक्षा संपते आणि निकाल लागतो यांच्या मधले दिवस बघा. २०२५ मध्ये पाचवी-आठवीचा निकाल २८ मार्चला लागला आणि १ एप्रिलला नवं सत्र सुरू झालं. त्या आधीचे मार्चमधले दिवस मुलं घरी मोबाइलवर घालवतात. त्यांतली एक दुपार घ्या. वर्गातले बाक भिंतीला लावा. प्रत्येकानं या वर्षात स्वतः केलेली एक वस्तू बाकावर ठेवायची आणि तिच्याशेजारी उभं राहायचं. वही असेल, कुंडी असेल, शिवलेली पिशवी असेल, सायकलचं पंक्चर काढता येत असेल तर ट्यूब आणि पाण्याची परात. आईबाप येतील, विचारतील, मूल सांगेल. खर्च शून्य.

आणि नाव घ्या. प्रत्येकाचं. जपानमध्येही शाळेचं वर्ष मार्चमध्येच संपतं. तिथे निरोपाच्या समारंभात एकेका मुलाचं नाव मोठ्यानं पुकारतात, मूल 'हो' म्हणतं आणि प्रमाणपत्र घ्यायला पुढे जातं. पहिलं आलेलं आणि शेवटी राहिलेलं, दोघांची नावं त्याच आवाजात. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर अर्ध्या तासात होतं. आमच्या समारंभात एका पाहुण्याचा परिचय त्याहून लांबला होता.

प्रवेशोत्सव आपण करतो. एप्रिलमध्ये मुलांना टिळा लावतो, फुलं देतो, पुस्तकं देतो, आणि ते उत्तम करतो. जी मुलं आठवी संपवून फाटकाबाहेर पडतात त्यांच्या हातात मात्र फक्त एक छापील कागद असतो.

२१ मार्चला सकाळी शेजारची पोरगी दारात आली. बरोबर बाकीच्या चौघी. "काकू, वेधशाळेत नेता?" सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. क्षिप्रेकडच्या त्या आवारात एक गोल चौथरा आहे, मध्ये उभा शंकू, आणि चौथऱ्यावर सावलीच्या सात रेषा आखलेल्या.

मुली थेट तिकडे गेल्या. शेजारच्या पोरीनं वही उघडून चौथऱ्याच्या कडेला ठेवली आणि सगळ्यात वाकड्या रेषेवर बोट टेकवलं. "बघ, ही आपली डिसेंबरची." दुसरीनं वहीतली रेघ पाहिली, दगडावरची पाहिली, आणि पहिलीच्या पाठीत जोरात थाप मारली. मग पाची जणी मधल्या सरळ रेषेजवळ उन्हातच बसल्या. सावलीचं टोक त्या रेषेवरून सरकत होतं. दर तासाला एक जण उठून वहीत ठिपका देत होती.

चार वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो.