पंधरा बार, सगळे फुसके

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, जास्वंदीच्या बाजूनं या, तिकडून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. रविवारी नेमक्या तुम्ही गावाला गेलात आणि काय चुकवलंत म्हणून सांगू! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींनी सगळ्यांना कॉफीला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा नाही का कंपनीतर्फे मिलानला राहून आला? तेव्हापासून घरातला चहा त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं आणलं एस्प्रेसोचं मशीन. स्टीलचं, चकचकीत, पुढं काट्याची डायल. ओट्यावर मिक्सर असायचा ना, तिथं बसवलं आणि मिक्सर टाकला माळ्यावर. मिक्सर, अहो! चटणी कशात वाटणार होत्या त्या, देव जाणे…

तर काय सांगत होते, आम्ही आठ-नऊ जण जमलो होतो. वहिनींनी नवी पैठणीच्या काठाची साडी नेसली होती. कॉफीला पैठणी! खोकं अजून टाकलेलं नव्हतं, मुद्दाम दिसेल असं कोपऱ्यात ठेवलेलं. त्यावरचं वाचून दाखवलं त्यांनी, "पंधरा बार प्रेशर आहे हं याचं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त बँकेतले निवृत्त काका गालातल्या गालात हसले. त्यांना ठाऊक ना, एस्प्रेसोला नऊ बार लागतं. पंधरा ही नुसती पंपाची ताकद, ती खोक्यावर छापायला. उलट चांगल्या मशीनमध्ये जादाचं प्रेशर सोडून द्यायला आत झडप असते. पण काका काही बोलले नाहीत. तेव्हा तरी नाही…

मग मुलानं बटण दाबलं. घर्रर्र! मांजर पळालं. काटा चढला वर आणि कपात काही पडेचना. वहिनी हसतायत, आम्ही हसतोय, सगळ्यांचे डोळे कपावर. शेवटी दोन थेंब पडले, काळे कुळकुळीत. मुलाला घाम फुटला. नंतर कळलं, वहिनींनी आपली नेहमीची फिल्टर कॉफीची पूड घातली होती, चिकोरीवाली! अहो, चिकोरी घातली की पाणी अडतं, थबकत थबकत खाली येतं. फिल्टरला तेच तर हवं असतं, रात्री घालावं आणि सकाळी दाट डिकॉक्शन काढावं. इथं कारभार पंचवीस-तीस सेकंदांचा. दुसऱ्या खेपेला त्यानं दुकानातलं तयार पाकीट फोडलं. ती पूड निघाली भरड. दहा सेकंदांत सगळं पाणी आरपार, रंग असा की साध्या चहानंसुद्धा मान खाली घालावी.

आणि तो कप केवढासा! तीस मिली असतं हो एस्प्रेसो. पहिला मान घरातल्या आजींचा. आजींनी कप उलटा-सुलटा करून पाहिला, वहिनींकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे चव बघायला दिलंय का? बाकीचं कुठंय?" वहिनींचा चेहरा… काय सांगू! मुलगा समजावत होता, "आजी, एवढीच असते." त्यावर आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पंधरा बार काढलेस, आणि सगळे फुसके?"

मला हसू आवरेना, मी खिडकीतून तुमचा कढीपत्ता बघत बसले. बरा फुटलाय हं.

तर खरी गंमत पुढंच आहे. मागच्या गल्लीतल्या शाळेतल्या बाई आहेत ना, एकट्या राहतात त्या, कधी कुणाच्यात नसतात… त्या उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "मशीनबरोबर आणखी एक जाळी आली असेल ना? दुहेरी तळाची?" मुलगा गप्प. ड्रॉवर उघडला तर चमच्यांखाली ती पडलेली. त्यानंच टाकली होती, म्हणे ती नवशिक्यांसाठी असते. बाईंनी दोन्ही जाळ्या उजेडाकडं धरून दाखवल्या. एकीला तळभर भोकं. दुसरीला आतून भोकं, पण बाहेरच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढं एकच. त्या एका भोकातून कॉफी जोरात येते, त्यामुळं दळण कमी-जास्त असलं तरी फेस दिसतो. तयार पुडीला हीच जाळी. भोकाभोकांची साधी जाळी वापरायची तर बिया घरी, त्याच वेळी दळायला हव्यात, तेही हव्या तेवढ्या बारीक. जाळी बदलली आणि आली की कॉफी! वर बदामी फेसही आला. सगळ्यांनी "अय्या" केलं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या घरातलं त्यांना दुसऱ्या बाईनं दाखवावं… तुम्हाला स्वभाव माहीतच आहे.

तोवर दुधाचा प्रश्न आला. एकच बॉयलर हो त्या मशीनला. कॉफीला नव्वद-पंच्याण्णव अंश पुरे, पण दुधात वाफ सोडायची तर सव्वाशेच्या वर न्यावं लागतं. म्हणजे कॉफी काढा, थांबा, वाफ काढा, परत निववा, मग पुढची कॉफी. दोन माणसांच्या घरात ठीक आहे. आठ-नऊ जणांना म्हणजे… दुधाच्या पहिल्या कपवाल्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात जाऊन दोन पेशंट बघून आल्या असत्या. दोन बॉयलरची मशीनं येतात, पण ती आपल्या ओट्यावर मावायची नाहीत आणि खिशातही नाहीत. आजी तर लग्नातल्या एक्स्प्रेसोवर गेल्या. ती नाही का, मांडवाच्या कोपऱ्यात फुसफुसत असायची, दुधात इन्स्टंट कॉफी आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली? "ती बरी होती बाई, पेला भरून तरी मिळायची." एस्प्रेसोशी तिचा संबंध एवढाच की वाफ होती. पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं.

या थांबाथांबीत काकांना सापडली संधी. तुम्हाला माहीतच आहे, त्यांच्याकडं दांड्याचं मशीन आहे, हातानं दाबायचं. वीज नको, आवाज नको. पाणी वेगळं तापवायचं आणि दांडा खाली ओढायचा. गुडघे दुखतात म्हणून भाजीला जात नाहीत, पण दांडा बरोबर ओढतात! तर काका म्हणाले, हे सगळं मिलानच्याच गाजियानं सुरू केलं. त्याआधीची मशीनं नुसत्या वाफेवर चालायची, कॉफी करपट लागायची. गाजियानं १९३८ साली पेटंट मागितलं, मग आलं युद्ध, आणि युद्धानंतर त्याचं दांडा-स्प्रिंगचं मशीन निघालं. तेव्हा पहिल्यांदा कॉफीवर फेस आला. आणि गिऱ्हाइकांनी काय केलं असेल? नाकं मुरडली! हा कसला तवंग म्हणून. आता त्याच फेसासाठी आपल्या वहिनी जीव टाकतायत.

मग म्हणाले, १९६१ साली फाएमा कंपनीचं ई-६१ मशीन आलं. त्यात विजेचा पंप, दांडा ओढायची कटकट गेली. आणि ऐका, नाव कशावरून? त्या वर्षीच्या फेब्रुवारीत खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, इटलीतून दिसलं होतं, त्यावरून. ग्रहणाचं नाव! आजी ताठ झाल्या. आपल्याकडं ग्रहणात पाण्यावरसुद्धा तुळशीपत्र ठेवतात, आणि ही माणसं कॉफीच्या मशीनला ग्रहणाचं नाव देतात? वहिनींनी घाईघाईनं सांगितलं, "आमचं ते नव्हे हो." पण आजींनी दुसरा कप घेतला नाही तो नाहीच.

डॉक्टरीणबाईंचं म्हणाल तर त्यांनी सोपा मार्ग काढलाय, कॅप्सूलवाला. घातली, दाबलं, झालं. पुसायचं नाही, दळायचं नाही. दर वेळी एकसारखी कॉफी, हे मान्य करायलाच हवं. पण प्रत्येक कपाला एक कॅप्सूल, मग पाहुणे आले की मोजून ठेवतात म्हणे. म्हणे हं! मी काही डबा उघडून पाहिलेला नाही. आणि त्या रिकाम्या अॅल्युमिनियमच्या डब्या ओल्या कचऱ्यात की सुक्यात, यावरून कचरेवाल्या ताईंशी रोज वाद.

तर कुठं होते मी… हां, शाळेतल्या बाई. परतताना मी त्यांच्याबरोबर गेले, मुद्दाम. वर बोलावलं त्यांनी. एवढंसं स्वयंपाकघर, त्यात मोका पॉट. तो अष्टकोनी, इटालियन. बियालेत्तीनं १९३३ साली काढला तोच. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये पूड, प्रेशरनं कॉफी चढते वरच्या भांड्यात. आपल्या कुकरच्या शिटीच्या आसपासचंच प्रेशर हो त्यात, दीड-दोन बार. बाई स्वतःच म्हणाल्या, "ही एस्प्रेसो नाही." किती प्रामाणिक! पण दूध घातल्यावर काय लागते म्हणून सांगू. गॅसवर चालतो, मध्ये रबरी रिंग आहे, तेवढी वेळेवर बदलायची. मात्र इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा उपयोग नाही, स्टीलचा घ्यावा लागतो. त्यांच्या कामवाल्या मावशींनी एकदा तो तारेच्या घासणीनं आतून लखलखीत घासला. बाई रडायच्याच बाकी होत्या. आणि एक सांगू? त्या बियालेत्तीचा मुलगा, रेनातो, २०१६ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवल्या होत्या. खरंच! चर्चमध्ये नेला तो पॉट. मी कॉफी पीत असताना सांगितलं हे बाईंनी. घोट घशातच अडकला माझ्या.

पण बाईंकडची खरी वस्तू तो पॉट नव्हेच. हातानं फिरवायचा ग्राइंडर आहे त्यांच्याकडं, आत दातेरी चकत्यांचा. मी म्हटलं, मिक्सरमध्ये नाही का व्हायचं? तर म्हणाल्या, मिक्सरचं पातं बिया तोडतं. अर्ध्याचं पीठ होतं, अर्धी भरड राहते. पिठामुळं कॉफी कडू आणि भरडीमुळं आंबट, एकाच कपात. चकत्यांत सगळे कण जवळजवळ सारखे येतात आणि बारीक-जाड करायला टिचकीटिचकीनं फिरवता येतं. मी बोटात चोळून पाहिली, बारीक रव्याहूनही बारीक, पण मैदा नव्हे. त्यांचं म्हणणं, मशीन घेणाऱ्यानं आधी ग्राइंडरचे पैसे बाजूला काढावेत आणि उरतील त्यात मशीन बघावं. मला पटलं. वहिनींनी नेमकं उलटं केलं ना! शिवाय बिया, भाजल्याची तारीख छापलेल्या घ्यायच्या. चिकमगळूरच्या मिळतात की आपल्याकडं. नुसती एक्स्पायरी छापलेलं पाकीट परत ठेवायचं.

वहिनींनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण मुलानं दुसऱ्याच दिवशी ग्राइंडर आणला, विजेवरचा. मग सुरू झालं वजनकाट्याचं. अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. अर्ध्या ग्रॅमवरून मायलेकांत भांडणं! पहाटे आधी ग्राइंडर, मग पंप. तुम्हाला नाही ऐकू आलं? आमच्याकडं तर आमचे हे दचकून उठले, म्हणाले बोअर सुरू झालं वाटतं.

बोअरवरून आठवलं. टँकरचं पाणी घालतात त्या मशीनमध्ये! आपल्या गल्लीतल्या टँकरच्या पाण्यानं गीझरची काय दशा होते बघितलीत ना? क्षार साचले की आतल्या बारीक नळ्या बुजतात. बाई तर म्हणतात, पाणी बरं नसेल तर महाग मशीन घेऊच नये, आणि घेतलंच तर कंपनीनं सांगितल्याप्रमाणं वेळच्या वेळी क्षार काढायचे. आणि वाफेची नळी प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर दूध वाळून आत चिकटतं. रोज कोण पुसणार? वहिनींकडची कामवाली मावशी म्हणाली, "माझ्या पगारात नाही ते."

आणि आता खरी बातमी. जरा जवळ या. काल रात्री गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला, मशीन आणि ग्राइंडर दोन्ही विकायचंय! कारण काय, तर मुलगा पुन्हा परदेशी चाललाय. असेल. मावशी मात्र वेगळंच सांगते, आजींनी मिक्सर माळ्यावरून उतरवायला लावला आणि ओट्यावर जागाच उरली नाही… मी कशाला बोलू?

पण मेसेज आल्यापासून आमचे हे टेप घेऊन ओटा मोजतायत. मी सांगून टाकलंय, नुसता ग्राइंडर विकणार असतील तर बोला. पण एकत्रच द्यायचं म्हणतायत वहिनी, आणि किंमत अशी सांगतात की जणू खोकं उघडलंच नाही! म्हणून म्हणते, संध्याकाळी चला माझ्याबरोबर. मी आजींना बोलण्यात गुंतवते. तुम्ही हळूच टाकीचं झाकण उघडून तळाला पांढरं बसलंय का बघा, वाफेच्या नळीचं टोक बघा आणि ती दुहेरी तळाची जाळी ड्रॉवरमध्ये आहे ना, एवढं बघून घ्या. पांढरं दिसलं तर मला नुसती खूण करा, तिथून पुढं भाव मी पाडते. आणि काकांना बोलू नका हं काही, त्यांना कळलं तर ते आधी जाऊन बसतील…