शॉर्टकट सरांस, सप्रेम काटाकाटी

आदरणीय क्लासवाले सर,



आठवी तुमच्याकडे घासून आलेली मुलं नववीत माझ्या वर्गात बसतात, त्यामुळे तुमच्या हस्तकौशल्याचे नमुने मला वहीवहीत पाहायला मिळतात. ‘सरळ रूप द्या’ एवढे शब्द दिसायचा अवकाश, वरचा क्ष आणि खालचा क्ष दोघेही आडवे! (क्ष + ५)/क्ष, उत्तर ५. ‘अरे, क्ष १ धरला तर ६ येतात की,’ असं म्हटलं तर मुलं माझ्याचकडे कीव केल्यासारखं बघतात. क्लासच्या सरांनी सांगितलंय, वर-खाली सारखं दिसलं की काटायचं.

तुमचं थोर संशोधन मात्र (क्ष² − ९)/(क्ष − ३) हे आहे. क्ष²ला क्षने काटलं, उरला क्ष. ९ला ३ने काटलं, उरले ३. उण्याला उण्याने भागलं, झालं अधिक. क्ष + ३. आणि काय तुमचं नशीब, उत्तर चक्क बरोबर! (क्ष + ३)(क्ष − ३) असे अवयव पाडायची एक अख्खी ओळ वाचली. पर्यायी प्रश्नात तर पूर्ण गुण. आता हीच विद्या (क्ष² + ९)/(क्ष + ३) वर चालवा. पुन्हा क्ष + ३च येणार. क्ष १ धरा: वर १०, खाली ४, म्हणजे अडीच, तुमचं उत्तर ४. पण ताळा करून पाहण्याइतका वेळ कुठे असतो, पुढची बॅच दारात उभी असते. तिला १६/६४ मधले दोन्ही ६ काटायला शिकवा. तिथेही १/४ बरोबरच येतं.

अवयव पाडायचे कशाला, हे तुम्ही कधी सांगितलंत का हो? बेरीज-वजाबाकीची राशी गुणाकारात बसवायची, म्हणजे वर-खाली सामाईक असलेला अवयव भागून काढता येतो. गुणाकारातला भिडू असा बाहेर पडू शकतो, बेरजेतला नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात आणि पाच मिनिटांत तुमच्याकडे तीन उदाहरणं उरकतात. म्हणून क्ष² − ७क्ष + १२ दिलं की तुमची मुलं ‘गुणाकार १२, बेरीज ७’ असा जप करून उत्तर लिहितात: क्ष = ३, ४. कंस गायब. समीकरण दिलेलंच नव्हतं, मग बरोबरचं चिन्ह आणि शून्य कुठून आणलंत?

तुमचं वकीलपत्र घ्यायला मी भास्कराचार्यांनाही गाठून आले. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्धं मिळवा, ३ने गुणा, शून्याने भागा, ६३ येतात; तर ती संख्या कोणती? उत्तर १४. म्हणजे त्यांनीही शून्याला शून्य काटलं! आजच्या गणितात हे चालत नाही, पण त्यांनी निदान नियम आधी सांगितला होता: पुढची क्रिया बाकी असेल तर शून्याने गुणलेल्याचं लगेच शून्य करू नका, गुणक तसाच धरून ठेवा. तुमच्या फळ्यावर मात्र ‘क्ष ३ नसावा’ एवढी साधी अटही दिसत नाही. म्हणजे भास्कराचार्यही तुमच्या बाजूने उभे राहिनात.

एक काळजी वाटते, म्हणून लिहिते. समजा, क्लासमध्ये तुमचा एक भागीदार आहे. फीचे १,००,००० आणि नोट्सचे १०,००० जमले, दोघांत निम्मे-निम्मे. (१,००,००० + १०,०००)/२. हिशोबाला बसलेला भागीदार तुमचाच जुना विद्यार्थी असला, तर तो २ने पहिलंच पद काटेल आणि ५०,००० + १०,००० म्हणजे ६०,००० स्वतःच्या पिशवीत टाकेल. तुम्हाला ५०,००० उरतील, आणि तक्रार करायला तोंड उरणार नाही.

आपली नम्र,
नववी ‘ब’ची गणिताची बाई