मावळात फरफट

पॅरामोटर शिकायला कामशेतला चाललोय, असं घरी जाहीर केलं तेव्हा बायकोने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "इंजिन किती वजन उचलतं?"

प्रश्नच चुकीचा होता. इंजिन वजन उचलतच नाही. पाठीवरचं टू-स्ट्रोक इंजिन पंखा फिरवून माणसाला नुसतं पुढे ढकलतं. उचलतो तो डोक्यावरचा कापडी पंख. म्हणून हवेत इंजिन बंद पडलं तरी माणूस तरंगत तरंगत खाली येऊ शकतो. हे मी तिला सविस्तर समजावलं.

"म्हणजे कापडाला विचारायला हवं," ती म्हणाली.

पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरलो. लोहगड, तिकोना, पवनेचं पाणी, सगळं जागच्या जागी होतं.

मास्तर पंचविशीतला, मावळातलाच. "काका, इंजिन नंतर. आधी ग्राउंड हँडलिंग." म्हणजे मोकळ्या रानात, वाऱ्यात, तो पंख नुसता डोक्यावर उभा करून धरायचा. त्यात काडी नाही, दांडा नाही. पुढच्या कडेच्या तोंडांतून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. ही करामत १९६०च्या दशकात डॉमिना जाल्बर्ट या अमेरिकेतल्या पतंगवाल्याने केली. पुढे १९७८ साली फ्रान्समधल्या मिअसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांनी असाच पंख घेऊन डोंगरउतारावरून पळत जाऊन हवेत झेप घेतली.

पळत! जाहिरातीतल्या फोटोत सगळे हवेत आरामात बसलेले असतात. प्रत्यक्षात हा पळण्याचा खेळ आहे, आणि मी लोकलसाठीसुद्धा पळत नाही, पुढची पकडतो.

भात कापून झालेलं खाचर होतं. मी पंखाकडे तोंड करून उभा. मास्तर म्हणाला, "ओढा!" ओढलं. पंख उठला, डोक्यावर आला, क्षणभर थांबलाही. मी फोटो काढायला कुणी आहे का ते पाहत होतो, तेवढ्यात डोंगराकडून वाऱ्याची झुळूक आली. झुळूक हा कवींचा शब्द. आली ती धटिंगण होती. पंख बाजूला कलंडला, जमिनीवर आडवा पडला आणि तसाच फुगून निघाला. मागोमाग मी.

"काका, त्याच्याकडे पळा! ब्रेक ओढा!"

जो आपल्याला फरफटत नेतोय त्याच्याकडेच पळत जायचं, हे देहाला पटत नाही. देह मागे रेलतो. मागे रेललं की दोऱ्या ताणतात आणि पंख आणखी फुगतो. उधळलेल्या बैलाचा कासरा न सोडणाऱ्या गुराख्यासारखा मी निम्मं खाचर पालथं घातलं. धसकटं पँटमधून आत शिरली. ज्या इंद्रायणी तांदळाचा भात मी आयुष्यभर प्रेमाने खाल्ला, त्याच्या मुळांशी इतकी सलगी झाली नव्हती. शेवटी बांध आडवा आला. बांधावर चार पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती. त्यांतल्या एकाने "काका, परत एकदा" म्हटलं तेव्हा मी खरोखर चिडलो.

मग शेताची मालकीण आली. सत्तरीची असावी. वाटलं, आता बोलणी बसणार. तिने माझ्या कोपराची माती पदराने पुसली. "लागलं का रं लेकरा?"

केस पांढरे झाल्यापासून मला लेकरू कुणी म्हटलेलं नाही. मला बोलता येईना. मास्तर येईपर्यंत ती पंखाच्या दोऱ्यांतून एकेक काडी वेचत बसली. मग म्हणाली, "आन् ह्येचं पैसं घेत्यात व्हय?"

इंजिन चढलं त्या सकाळी वारा मंद होता. पाठीवर २५-३० किलो, शिवाय माझे स्वतःचे, जे मी सांगणार नाही. हेल्मेटमधल्या रेडिओवर मास्तर ओरडत होता, "पळा! बसू नका! अजून पळा!" मी हवेत पळत होतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वर वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. आमच्या स्कूटरचा तेवढाच, आवाजही तसाच. वर करायला फारसं काही नसतं. ब्रेक ओढायचा, वळायचं, हातातला थ्रॉटल दाबला की वर, सोडला की खाली. मला ते इतकं आवडलं की मी उतरायला तयार नव्हतो.

जाणार असाल तर पावसाळा टाळा. जाड पँट आणि घोटा झाकणारे बूट घाला. ऊन तापलं की हवा उसळते आणि शिकाऊ माणसाला कुणी वर सोडत नाही, म्हणून दुपारी खुशाल झोपा. आणि मास्तर "बसू नका" म्हणाला, तर बसू नका.