कालवायचं काम तुमचं

दोन तोंडांची डबी ज्यानं पहिल्यांदा केली, त्याचा पुतळा आमच्या बीड जिल्ह्यात कुठल्याच चौकात नाही. खरं तर असायला हवा होता. बीडच्या बसस्टँडवर बाकड्यावर टेकलेल्या कुठल्याही तात्यांच्या बंडीच्या खिशातून ही डबी निघते. ॲल्युमिनियमची नाहीतर स्टीलची, चपटी, खिशात राहून राहून गुळगुळीत झालेली. दोन्ही टोकांना झाकणं. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्या तोंडात चुना आणि मधे पत्र्याची एक भिंत. एवढ्याशा डबीत दोन संसार नांदतात आणि एकाला दुसऱ्याचा वासही लागत नाही.

भिंत कशासाठी, हे तात्यांना विचारलं तर ते तुमच्याकडं शहाण्या माणसानं येड्याकडं पाहावं तसं पाहतील. चुना ओला, तंबाखू कोरडी. सकाळीच एकत्र करून ठेवली तर दुपारपर्यंत तिचा लगदा होणार आणि झणका जाणार. रसायनशास्त्रही तात्यांच्याच बाजूनं आहे. चुना अल्कधर्मी, तो तंबाखूतलं निकोटीन मोकळं करतो. ते मोकळं व्हायचं ते तळहातावर, अंगठ्याखाली, त्याच घटकेला. मग दोन चापट्या मारून भुकटी उडवायची, शेजारच्याला शिंक आणायची आणि चिमूट ओठाआड सारायची. पुढं डॉक्टर तोंड उघडायला लावून टॉर्च मारतात, तो या कथेचा उत्तरार्ध. तो कुठल्याच डबीवर कोरलेला नसतो. पण मी इथं तंबाखूचं कौतुक करत नाही, डबीचं करतोय.

या डबीची आणखी एक गंमत म्हणजे तिच्या दोन्ही बाजू कधीच एकदम संपत नाहीत. चुना उरतो तेव्हा तंबाखू संपलेली असते आणि तंबाखू असते तेव्हा चुना वाळून खडा झालेला असतो. त्यामुळं केजच्या जीपमध्ये हमखास ऐकू येतं,

"पाव्हणं, चुना हाय का?"

"चुना हाय, पर तंबाखू सरली बघा."

"मंग जमलंच की! कोन्या गावचं म्हनायचं?"

पुढच्या दहा मिनिटांत दोघांची सोयरीक मामाच्या मावसभावापर्यंत जाऊन पोचलेली असते. डबीतला माल एकत्र होण्याआधी माणसं एकत्र होतात.

डबीची थोरली बहीण म्हणजे चंची. आता ती क्वचितच दिसते. कापडाची, कप्प्यांवर कप्पे असलेली, गुंडाळी करून दोरीनं बांधायची. एका कप्प्यात ओल्या फडक्यातली पानं, एकात सुपारी, एकात कात, कोपऱ्यात लवंग-वेलदोडा, अडकित्त्याला स्वतंत्र जागा. चुना मात्र इथंही डबीतच, कारण त्याला उघड्यावर सोडला तर तो वाळणार आणि कापडही खाणार. चंचीचा मालक ती मांडीवर उलगडायचा तेव्हा एखाद्या वैद्यानं बटवा उघडावा तसा रुबाब असायचा. पान पुसायचं, शिरा खुडायच्या, चुन्याचं बोट फिरवायचं, कात, सुपारी, घडी. गंमत पाहा, पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. चंचीभर शोधलं तरी विड्याचा लाल रंग सापडत नाही. तो तोंडात गेल्यावर जन्माला येतो. माहूरच्या रेणुकामातेला विडा कुटून, तयार तांबूल करून देतात. देवीचा मान मोठा, तिला कालवत बसवणं बरं दिसत नाही. माणसानं मात्र आपलं आपण कालवून घ्यावं. दात गेलेल्या आजोबांना तेवढी सूट, त्यांच्यासाठी घरात छोटा खलबत्ता असायचा.

पान-तंबाखूचा नाद नसलेल्यांसाठी भेळ आहेच. आमच्याकडं बाजारचा दिवस भेळेशिवाय सरत नाही. गावोगावच्या आठवडी बाजारात भेळवाला चुरमुऱ्यांच्या डोंगरामागं बसलेला असतो. एका बाजूला शेव, पापडी, फरसाण, दुसऱ्या बाजूला गोडीशेव. तिथंच खायची तर तो एका पातेल्यात सगळं फिरवून, चिरलेला कांदा आणि वर एक हिरवी मिरची ठेवून देतो. पण "घरी न्यायचीय" म्हटलं की त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा होतो. चुरमुरे-फरसाण एका पुड्यात, कांदा-मिरची वेगळी आणि चिंचेचं पाणी इवल्याशा पिशवीत, तिला वरून दोऱ्याचे आठ-दहा वेढे. ही गाठ आजवर कुणाला नखानं सुटलेली मी पाहिली नाही. घरातला कुणीतरी उत्साही ती दातांनी सोडवायला जातो आणि पहिली चिळकांडी स्वतःच्या सदऱ्यावर घेतो. मग वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर ढीग करायचा, वरून पाणी ओतायचं आणि घरातल्या थोरल्या हातानं तो कालवायचा. त्या क्षणापासून सगळ्यांचे हात एकदम पडतात, कारण चुरमुरा थांबत नाही. पाच मिनिटं उशीर केला तर त्याचा चोथा होतो. पानाच्या चंचीपासून भेळेच्या पुड्यापर्यंत नियम एकच, देणारा म्हणतो, माल माझा, कालवायचं काम तुमचं.

आमच्या मराठवाड्यातल्या येसराचंही असंच. डाळी, धान्यं, मसाले भाजून दळलेलं हे पीठ डब्यात कोरडं असेस्तोवर महिनोन्महिने टिकतं. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी होते आणि त्याच दिवशी संपवावी लागते. पाणी लागलं की प्रत्येक वस्तूचं घड्याळ सुरू होतं, हे आजीला शाळेत न जाता ठाऊक होतं. म्हणून तिच्या मिसळणाच्या डब्यात वाट्या सुट्या, आणि ओला चमचा घालणाऱ्याला घरात माफी नसे.

हेच घड्याळ सगळ्यात कडक पाळलं जातं ते लसीकरणाच्या दिवशी. गोवर-रुबेलाची लस वाडीवर, तांड्यावर येते ती दोन काचांत. एका कुपीत लशीची कोरडी भुकटी आणि दुसरीत तिच्यात मिसळायचं पाणी. भुकटी कोरडी आहे तोवर थंडाव्यात टिकते. पाणी पडलं की तिचं आयुष्य चार तासांचं. नर्सताई अंगणवाडीच्या ओट्यावर बसतात, शीतपेटी उघडतात, पण लगेच कुपी फोडत नाहीत. आधी पोरं किती आली ते पाहतात. एक पोरगं गोठ्यामागं दडलेलं असतं, एकाची आजी "सुनंला इचारून सांगते" म्हणत असते. पोरं जमली की पाणी सुईनं ओढून भुकटीत सोडतात आणि कुपीवर पेनानं वेळ लिहितात. चार तास झाले की उरलेली लस कितीही जिवावर आली तरी वापरायची नाही. पाणीही कुठलंही चालत नाही, त्याच कंपनीनं त्याच लशीसाठी दिलेलंच हवं आणि तेही थंड. भेळवाल्याचं शास्त्र हेच, फक्त इथं चुरमुऱ्याच्या जागी लेकराचा जीव आहे, म्हणून गाठ सोडणाऱ्या हाताला आधी प्रशिक्षण दिलेलं असतं.

आता याच भिंतीची एक लबाड गोष्ट. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी सांगितलं की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायचं नाही. पुढं जुलै २०१२मध्ये महाराष्ट्रानं गुटखा आणि पानमसाला दोन्हींवर बंदी आणली. पण ज्या राज्यांत नुसत्या गुटख्यावर बंदी आली, तिथल्या व्यापाऱ्यांनी डोकं खाजवलं. मिसळलेलं विकायचं नाही ना? बरं, नाही विकत! मग पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी, पण दोन्ही एकाच टपरीवर, एकाच तारेला, बहिणी-बहिणींसारख्या लटकलेल्या. दोन्ही पुड्या फोडून तोंडात टाकणारा तो गुन्हेगार गिऱ्हाईक, आम्ही कुठं काय मिसळलं? सप्टेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या जुळ्या पुड्यांची दखल घेतली आणि बंदीला बगल देण्याची ही वाट आहे हे नोंदवलं. तात्यांच्या डबीतली भिंत तंबाखूची चव राखायला होती. ही भिंत विकणाऱ्याचा जीव राखायला उभी राहिली. आमच्या महाराष्ट्रात तर दोन्ही पुड्यांना बंदी, तरी अमुक रस्त्यावर गुटख्याचा ट्रक पकडला ही बातमी पेपरात अधूनमधून असतेच. टपरीवर सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा प्लास्टिकच्या कागदात बांधून मिळतो, तो चोळायचं काम मात्र आजही गिऱ्हाईकाचंच. बसची वाट पाहत मावा चोळणाऱ्या माणसाच्या तोंडावर जी एकाग्रता असते, ती ग्रामसभेत दिसली असती तर गावोगावच्या पाणीयोजना मार्गी लागल्या असत्या.

पण वेगळं बांधून दिलेल्या पुडीची खरी परीक्षा आमच्या जिल्ह्यात झाली ती कपाशीच्या रानात. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर हा सगळा कापसाचा पट्टा. मार्च २००२मध्ये देशात बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बियाण्याची बॅग म्हणजे बीटीच, असं होऊन बसलं. या बॅगेत ४५० ग्रॅम बीटी सरकी असायची आणि सोबत १२० ग्रॅमची एक धाकटी पुडी, नॉन-बीटी. तिला रेफ्युजी म्हणायचे. नियम असा की ही साधी सरकी शेताच्या कडेनं पाच ओळींत किंवा क्षेत्राच्या २० टक्क्यांवर, यांतलं जे जास्त भरेल तितक्यावर लावायची.

कशासाठी? तर बीटीच्या विषाला दाद न देणारी एखादी अळी वाचतेच. तिचा पतंग झाला की त्याला जोडीदार हवा. तोही तसाच वाचलेला मिळाला तर पुढची सगळी पिलावळ विष पचवणारी निपजते. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग मुबलक असले तर लग्न त्यांच्याशी लागतं आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. म्हणजे ती धाकटी पुडी अळ्यांचं वधू-वर सूचक मंडळ होतं. हे मंडळ चालवायला शेतकऱ्यानं आपल्या रानातला पाचवा हिस्सा द्यायचा. दोन एकरवाल्यानं बांधावर बसून हिशेब केला आणि साहजिकच म्हणाला, "किडीसाठी कोन पेरतं बाबा?" कुणी पुडी फेकली, कुणी तिनं न उगवलेल्या जागांच्या नांग्या भरल्या, कुणाच्या घरी ती कोनाड्यात तशीच राहिली.

पुढं २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशी पोखरली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत काळा पडलेला कापूस आणि गुलाबी पाहुणी. सगळं पाप त्या पुडीच्या माथी मारणं न्यायाचं नाही. डिसेंबर-जानेवारीनंतरही रान मोकळं न करता घेतलेली फरदड होती, चोरवाटेनं आलेलं बियाणं होतं, पाण्याच्या आशेनं लांबवलेला हंगाम होता. पण न लावलेल्या पुडीचाही त्यात वाटा होता, असं शास्त्रज्ञ सांगतात. शेवटी सरकारनं आणि कंपन्यांनी तोडगा काढला. धाकटी पुडी बंद. आता ४७५ ग्रॅमची एकच बॅग येते आणि पाच ते दहा टक्के नॉन-बीटी सरकी तिच्यात आधीच कालवलेली असते. फेकायला काही उरलंच नाही. नर्सताईंवर आणि तात्यांवर टाकलेला विश्वास कपाशीवाल्याकडून मात्र काढून घेतला गेला.

याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणं मला जड जातं. तात्यांच्या डबीवर एक अक्षर छापलेलं नसतं, तरी चुना किती आणि तंबाखू किती यात त्यांचं बोट चुकत नाही, कारण ते बोट त्यांच्या वडिलांच्या बोटाकडं पाहून तयार झालं. भेळ किती ओली करायची ते घरातला थोरला हात जाणतो. नर्सताईंना वर्षानुवर्षं प्रशिक्षण मिळतं. त्या १२० ग्रॅमच्या पुडीमागं असं कुणी उभं नव्हतं. सूचना होती, पण ती बारीक अक्षरात, पेरणीच्या घाईत, पहिल्या पावसाचा वाफसा चुकू नये म्हणून पहाटेच्या अंधारात फोडलेल्या बॅगेवर. पाकिटात दोन वस्तू वेगळ्या ठेवणं सोपं, त्याला एक भिंत पुरते. कधी आणि किती कालवायचं हे ज्ञान मात्र पाकिटात मावत नाही. ते माणसानं माणसाला द्यावं लागतं, बांधावर उभं राहून, चार प्रश्नांची उत्तरं देत.

आणि आमच्या पुड्या-वाचनाचं म्हणाल तर चिवड्याच्या बरणीत, नव्या बुटांत एक पांढरी पुडी असते, ओल शोषणारी. तिच्यावर "खाऊ नये" असं ठळक लिहिलेलं असतं. ती घरातला प्रत्येक जण हातात घेतो, दाबून पाहतो, हुंगतो, चहाचा मसाला आहे का विचारतो आणि लहान पोर तिची चव घ्यायच्या बेतात असताना कुणीतरी ओरडतं. जी मिसळायची नाही तिच्याबद्दल एवढी चौकशी. जी मिसळायची होती ती कोनाड्यात. तेव्हा यापुढं कुठल्याही पाकिटातून धाकटी पुडी निघाली की आधी उजेडाला धरून वाचावी, वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावी. भेळेच्या पिशवीची गाठ सोडवायला जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्म्यात हे काम उरकतं आणि सदराही स्वच्छ राहतो.