इतर किरकोळ

आमच्या शाळेच्या अंदाजपत्रकात मैदानाला स्वतंत्र ओळ नाही. ‘खडू, डस्टर, फिनेल व इतर किरकोळ’ असं एक शीर्षक आहे. त्यातल्या ‘इतर’मध्ये मैदान राहतं. दरवर्षी मी खेळशिक्षक या नात्याने फक्कीसाठी वेगळी तरतूद मागतो आणि दरवर्षी संस्थेच्या सभेत तोच प्रश्न येतो, “सर, गेल्या वर्षी मारल्या होत्या ना रेघा?”

मारल्या होत्या. मी नाकारत नाही.

सभेतल्या मंडळींचा एक समज आहे की मैदान आखणं हे विहीर खणण्यासारखं असतं. एकदा केलं की पुढच्या पिढ्यांनी वापरायचं. वास्तविक कबड्डीचा एक सामना झाला की मध्यरेषा कुठे होती हे फक्त पंचांनाच ठाऊक असतं, आणि तेही आवाज चढवून सांगावं लागतं.

मागणी मोघम नको म्हणून मी हिशेब जोडतो. मोठ्या मुलांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. चौकट, दोन्हीकडच्या लॉबी, मध्यरेषा, तिच्यापासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, पुढे एक मीटरवर बोनस, हे दोन्ही अंगांना. बेरीज शंभर मीटरच्या वर जाते. खो-खोचं मैदान २७ बाय १६. त्यात आठ आडव्या पाट्या, प्रत्येक पाटीच्या दोन रेघा. एकूण चारशे मीटर ओलांडतात. आणि ४०० मीटरचा आठ लेनचा ट्रॅक काढायचा म्हटला, तर नऊ रेघा मिळून पावणेचार किलोमीटरहून जास्त भरतात. हा शेवटचा आकडा ऐकून एक संचालक खरोखर हळहळले. म्हणाले, “मग आठ लेन हव्यातच कशाला? पोरं एकामागून एक पळवा.” ठराव झाला नाही, पण सूचना इतिवृत्तात आहे.

बरं, फक्की आणली म्हणजे रेघ होत नाही. आधी खडे वेचायचे, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. मग खुंट्या, सुतळी, टेप. कबड्डीच्या चौकटीचा कर्ण १६.४० मीटर भरला तर कोपरे काटकोनात. नाही भरला तर पुन्हा सुतळी. या सगळ्याला मजुरी लागते असं मी एकदा लिहिलं होतं. त्यावर शेरा आला: ‘विद्यार्थ्यांकडून श्रमदान’. श्रमदानाने आखलेल्या रेघेला एक वेगळंच वळण असतं. विशेषतः आठवीच्या.

फक्की मारायची चाकाची गाडी आहे आमच्याकडे. देणगीतून आली, नारळ फोडून आली, पत्र्यावर देणगीदाराचं नाव ठळक रंगवलेलं आहे. पहिल्या पावसाळ्यात आत फक्कीचा गोळा झाला आणि चाक जाम झालं. दुरुस्तीला तरतूद नाही, आणि नाव असल्यामुळे भंगारात काढता येत नाही. आम्ही पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून काम भागवतो. डब्यावर कुणाचंच नाव नसल्याने तो चालतो.

‘फक्कीऐवजी चुना आणा, स्वस्त पडतो’ ही सूचना आमचे लेखनिक भाऊसाहेब करतात. विझवलेला चुना घामाच्या कातडीला भाजतो, डोळ्यात गेला तर इजा होते. आणि कबड्डीत पकड झालेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांब करून तोंडावरच पडतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण पडायचंच कशाला, सर?”

त्यात शालेय स्पर्धांचं वेळापत्रक. तालुक्याचे सामने ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे सकाळी सातला मारलेली रेघ साडेआठच्या सरीत गटारापर्यंत जाते आणि नऊला उद्घाटन असतं. मग पालक येतात, आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असल्यामुळे ते प्रत्येक रेघेकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहतात. “बोनस झाला होता, सर.” बोनसची रेघ तेव्हा गटारात असते.

पाऊस थांबला की मैदान इतरांच्या कामी येतं. पहाटे फिरायला येणारे काका ट्रॅकवर येतात आणि नेमके रेघेवरूनच चालतात. रेघ असली की माणसाला सरळ चालायला धीर येत असावा. दुपारी गाडी शिकणारे खो-खोच्या दोन्ही खांबांभोवती आठचा आकडा काढतात. नवरात्रात दांडिया, मग लग्नसराई, मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे. भाड्याची पावती फाटते, पैसे संस्थेच्या ‘इमारत निधी’त जातात. खड्डे आमच्याकडे राहतात. उंच उडीसाठी वाळू मागितली तेव्हा ‘लग्नातल्या केटररची उरलेली घ्या’ असं सुचवण्यात आलं. त्या वाळूत आम्हाला चमचे सापडले.

क्रीडा महोत्सवाला पैसे नसतात असंही नाही. मांडव, ध्वनिक्षेपक, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, छायाचित्रकार यांना स्वतंत्र शीर्षकं आहेत. पाहुणे मैदानाच्या कडेला बसतात, म्हणून कडेवर खर्च होतो. मध्ये मुलं असतात.

एकदाच मात्र आमच्या मैदानावर मनासारखी रेघ पडली. एक बडे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. आदल्या दिवशी सरकारी माणसं आली. त्यांच्याकडे कोटेशन नव्हतं, कोटेशनची तुलना नव्हती, सभेचा ठराव नव्हता. पोत्यांची थप्पी होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक प्रचंड गोल आणि त्यात इंग्रजी ‘एच’ काढला. इतका पांढरा, इतका रेखीव, की मी जवळ जाऊन रुंदी मोजली. धूळ उडू नये म्हणून सकाळी दोन टँकर पाणी मारलं; आम्ही जूनपासून एक मागत होतो. हेलिकॉप्टर बरोबर ‘एच’वर उतरलं, पाहुणे गेले, आणि पंख्याच्या वाऱ्याने आमच्या खो-खोच्या आठही पाट्या शेजारच्या उसात गेल्या. उरलेली अर्धी पोती मी मागितली. ती ‘व्हीआयपी दौरा’ या शीर्षकाखाली असल्याने देता येत नव्हती.

यंदा लेखापरीक्षक आले. तरुण होते, मन लावून काम करणारे. त्यांनी साठा नोंदवही उघडली आणि फक्कीच्या ओळीवर बोट ठेवलं. “पोती आली आहेत. शिल्लक शून्य. वस्तू कुठे आहे?”

“मैदानावर होती,” मी म्हणालो.

ते खिडकीशी गेले. बाहेर लग्नाचा मांडव होता, आणि त्याच्या पलीकडे एक मोटार मागे-मागे जात होती.

“खपल्याचा पुरावा?”

मी सामन्यांचे निकाल दाखवले. निकालात फक्कीचा उल्लेख नव्हता. फोटो दाखवले. त्यात अध्यक्ष होते. त्यांनी बराच विचार करून शेरा लिहिला: ‘आखलेल्या रेषांची मोजमापासह नोंद घेऊन त्या वर्षअखेरपर्यंत जतन कराव्यात.’

भाऊसाहेबांनी तो शेरा माझ्यापुढे सरकवला. मी खाली ‘पूर्तता केली’ असं लिहून सही केली.