ना धड शिकारी

सकाळी साडेआठला मी तर्री-पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तेवढ्यात डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. तिकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले. हा मुलगा या वेळेला फोन करतो तेव्हा एक तर त्याला आईची आठवण आलेली असते, नाही तर आईपासून काहीतरी लपवायचं असतं.

“मामा, आईला सांगू नको. मी ऑक्टोबरात शिकारीला जाऊन राहिलो.”

लिंबाची बी पोह्यात पडली. आमच्या नागपूरच्या चहूबाजूंनी वाघ आहेत. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा. कोणत्याही रस्त्याने शहराबाहेर पडा, दोन-तीन तासांत वाघाच्या घरात पोचता. पण 1972 चा वन्यजीव कायदा आल्यापासून ‘शिकार’ हा शब्द आम्ही फार तर मांजराच्या बाबतीत वापरतो. चारचौघांत कोणी तो उच्चारलाच, तर आधी मागे वळून बघतो, खाकी कपड्यातलं कोणी उभं नाही ना.

तिकडे कोलोरॅडोत मात्र सगळं रीतसर. लायसन काढायचं, त्याआधी शिकारीचा वर्ग करून परीक्षा द्यायची, आणि बंदूक घेऊन रानात शिरताना अंगावर निदान 500 चौरस इंच भडक नारिंगी कापड घालायचं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटत नाही. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो म्हणे. ऑफिसातल्या दोघांबरोबर हा एल्कच्या मागे जाणार होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा परदेशी थोरला चुलतभाऊ. मोठा नर 300 किलोच्या पुढे जातो.

“सगळं झालं मामा, बॅग अडली आहे. ट्रेकची जुनी फाटली. शिकारीची वेगळी असते म्हणतात. दोन घ्यायला पैसे नाहीत, ठेवायला जागा नाही. दोन्हीकडे चालेल अशी एकच कोणती, सांग.”

“हे मी सांगू?”

“मग कोण? आपल्या घरातच आहे ना ते. पणजोबा.”

पणजोबा, म्हणजे माझे आजोबा. सीपी अँड बेरारची राजधानी नागपूर होती तेव्हा ते सचिवालयात कारकून होते, आणि भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारांच्या शिकारींना जायचे. आमच्याकडे एक फोटो आहे. मधे मेलेला वाघ, वाघाच्या डोक्यावर बूट ठेवून मालगुजार, बाजूला हाकेकऱ्यांची रांग, आणि अगदी कडेला, अर्धा कान फोटोच्या बाहेर गेलेले, खांद्याला खाकी थैली लावलेले आजोबा. या अर्ध्या कानावर आमच्या घराण्याचा सगळा पराक्रम उभा आहे. मी लहान असताना आजोबांनी बिबट्या मारलेला होता. भाचा लहान होता तोवर तो वाघ झाला होता. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली नसती तर आजवर हत्तीही मारून झाला असता.

वारसा असा असल्यावर मला माहीत नाही म्हणणं शोभलं नसतं. मी म्हटलं, दोन दिवस दे.

त्या संध्याकाळी बर्डीच्या बाजारात गेलो. बर्डीवर जगातली कोणतीही बॅग मिळते आणि तीवर जगातल्या कोणत्याही कंपनीचं नाव असतं. दुकानातल्या पोराने विचारलं, “कितने लिटर की?” मला आयुष्यात लिटरमध्ये दूध, पेट्रोल आणि कूलरचं पाणी एवढंच मोजता येतं. मग कळलं की एका मुक्कामाला 30-35 पुरतात, चार दिवसांना 60 लागतात, आणि हे लिटर मापताना बॅगेत पाणी न ओतता 20 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या ओतायची रीत आहे. या गोळ्यांचा आकार मी उगाच लक्षात ठेवला नाही, पुढे कामाला येणार आहे.

पोराचा दुसरा प्रश्न माझ्या धडाबद्दल होता. बॅग उंचीवर घ्यायची नसते, धडावर घ्यायची असते. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावायचा. घरी येऊन मी बायकोला हे काम सांगितलं. तिने ब्लाउजचा टेप आणला, दोनदा लावला आणि म्हणाली, “अठरा इंच. एवढ्या माणसात धड एवढंच?” बॅग धडाला बेतून बसली की कमरेचा पट्टा आवळायचा आणि बहुतेक सगळं ओझं कंबरेवर द्यायचं, खांद्यांनी ते नुसतं सांभाळायचं. आपल्याकडच्या बायका कडेवर पोर आणि कमरेवर घागर घेऊन हे शास्त्र कधीपासून वापरून राहिल्या आहेत, फक्त त्यावर कोणी कंपनीचं नाव छापलं नाही.

इथवरचं दोन्ही बॅगांना सारखंच. फरक पुढे सुरू होतो. ट्रेकवाल्याची बॅग घरून निघताना भरलेली असते आणि रोज थोडी हलकी होत जाते. तांदूळ संपतात, चिवडा संपतो. शिकाऱ्याची उलट. तो जाताना सडा जातो, आणि नशिबाने साथ दिली तर येताना त्याच्या पाठीवर 25-30 किलोची मांडी असते. मोठ्या एल्कची हाडं काढली तरी 80-90 किलो मटण उरतं, म्हणजे तेवढ्या तीन-चार खेपा. म्हणून त्या बॅगांना पक्का सांगाडा असतो, आणि सांगाडा व थैली यांच्यामध्ये एक फळीसारखी जागा. पट्टे सैल केले की थैली मागे सरते, मधल्या फटीत मटण बसतं, ओझं पाठीला चिकटून राहतं. त्यापायी ही बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे ट्रेकला गेलात तर न मारलेल्या एल्कचा सांगाडा तुम्ही घरूनच वाहत न्यायचा.

जुन्या साहेबांना हा प्रश्न पडलाच नाही. फॉर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पचमढीला बायसन लॉज बांधलं आणि 1871 च्या त्याच्या पुस्तकात सातपुड्याचं रान न् रान उतरलं. पण त्या काळच्या साहेबांचा तळ निघायचा तो बैलगाड्या, उंट, खानसामे आणि भिस्ती घेऊन. त्यांच्या बॅगेला दोन पाय असायचे आणि तिला बहुतेक गोंडी यायची.

त्याच सातपुड्यात मी एकदा 60 लिटरची बॅग घेऊन नागद्वारच्या यात्रेला गेलो होतो. श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला दहाएक दिवस ती वाट उघडते, एरवी ते व्याघ्रप्रकल्पाचं रान आहे. अख्खा विदर्भ तिकडे लोटतो. धो-धो पाऊस, धुकं, निसरड्या वाटा आणि मधे मधे लोखंडी शिड्या. एका शिडीवर माझी बॅग वरच्या दगडाला अडकली. मी ना वर, ना खाली. माझ्या खाली काटोलकडच्या एक आजीबाई होत्या. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात नायलॉनची बाजारची थैली, पायात काही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाप्पा, एवढं काय आनलं?” मी काय सांगणार? दोन जोडी बूट, झोपायची पिशवी, गॅसची शेगडी. वाटेत मंडळांचे भंडारे पावलोपावली होते, शेगडी पेटवायची वेळच आली नाही.

याच्या उलट मचाणाची गोष्ट. शिकार गेली तरी मचाण राहिलं आहे. पूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायचे. आता मोजणीचं काम कॅमेरे करतात, पण वनखातं ‘निसर्गानुभव’ म्हणून हौशी लोकांना रात्रभर मचाणावर बसू देतं. मी पेंचला बसलो होतो. दिवसा 44-45 अंश, रात्री टिपूर चांदणं, समोर पाण्याचं डबकं. सोबतच्या वनरक्षकाने खांद्यावरची कापडी थैली फांदीला अडकवली. तिच्यात भाकरी, बॅटरी आणि दुपट्टा. मी माझी निळीशार बॅग शेजारी ठेवली. हरणांना नारिंगी रंग धड दिसत नाही, तो त्यांना गवताच्या हिरव्या-पिवळ्या रंगात मिसळतो. म्हणून तर वाघ संत्र्याच्या रंगाचा असूनही लपून बसू शकतो. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो, संधिप्रकाशात तर जास्तच. म्हणजे मी संत्र्याच्या गावचा माणूस नेमका निळा घेऊन गेलो होतो.

रात्री दोनच्या पुढे सांबराची मादी आली. मान वर करून उभी राहिली, कान फिरवले, एक पाऊल पाण्यात टाकलं. मी श्वास रोखून चिवड्यासाठी बॅगेच्या कप्प्याला हात घातला. कप्प्याला व्हेलक्रो होता.

चर्रर्र.

तो आवाज दुकानात ऐकावा आणि रात्री दोनला जंगलात ऐकावा. सांबर ढांक् करून ओरडलं, दुसऱ्या काठाने आणखी एक ओरडलं, झाडावर वानरं खोकली, आणि अर्ध्या मिनिटात पाणवठा असा मोकळा झाला की जणू कर्फ्यू लागला. वनरक्षक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, चिवडा राहू द्या.” त्यानंतर सकाळपर्यंत डबक्यावर फक्त एक बेडूक आला. तोही बहुधा बहिरा असावा. शिकाऱ्यांच्या चांगल्या बॅगांचं कापड खरवडून मऊ केलेलं का असतं आणि तिथे बक्कल-गुंड्या का लावतात, हे मला असं कळलं.

एवढी विद्या गोळा करून मी तिसऱ्या दिवशी फोनला बसलो. थैली सैल होऊन मागे सरेल असा सांगाडा घे, पट्टे आवळून लहान होणारी थैली घे, रंग मातकट, वरचं पावसाळी आवरण नारिंगी, व्हेलक्रो औषधालाही नको. भाच्याला पटत होतं. तोच आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. वय 84, कान मचाणावरच्या सांबराचे.

“त्याच थैलीत तो मटण आणणार, आन् पुढच्या महिन्यात तीच डोक्याशी घेऊन तंबूत झोपणार?”

“आजी, मटण कापडी पिशवीत गुंडाळतात.”

“गुंडाळतात, पन वास जातो का? तिकडे अस्वलं नाहीत?”

आहेत. कोलोरॅडोत काळी अस्वलं पुष्कळ आहेत, आणि रक्ताचा वास लागलेली थैली तंबूत घेऊ नये हे तिथले लोकही सांगतात. भाचा एकदम गप्प झाला. आईने वर निकाल दिला, “मटणाचा गंज वेगळा.”

आमच्या घरात मटणाचा गंज खरोखर वेगळा होता. परसातल्या चुलीशी, काळाकुट्ट, उपडा पडलेला. त्यात खीर करता येणार नाही असं कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. घासला तर चकाकलाही असता. पण कोणी केली नाही. भाच्याने मुकाट्याने तिकडच्या भाड्याच्या दुकानातून सांगाड्याची शिकारी बॅग चार दिवसांसाठी घेतली आणि ट्रेकची फाटलेली शिवून आणली. शिवायला पैसे नव्याइतकेच लागले, ते वेगळं.

पण आई तेवढ्यावर थांबली नाही. आजोबांची थैली माळ्यावर आहे म्हणाली. मी शिडी लावली. जुन्या रजया आणि एका टेबलफॅनच्या खाली ती निघाली. खाकी कॅनव्हास घडीवर फाटलेला, चामडी पट्टा वाळल्या कारल्यासारखा वळलेला, पितळी बक्कल हिरवं पडलेलं. आतल्या बाजूला ओळीने बारा बोअरच्या काडतुसांसाठी शिवलेली बारा घरं. माझ्या अंगावर काटाच आला. मी पहिल्या घरात बोट घातलं. आत काडतूस नव्हतं. काचेची कुपी होती, बुचाची. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. लेबलांवर आजोबांचं वळणदार अक्षर: आर्निका, ब्रायोनिया, नक्स व्होमिका.

“होमिओपॅथी करायचे,” आई म्हणाली. “हाक्यात कोणी पडायचं, कोणाला ताप भरायचा, मालगुजारांना तर दर शिकारीत अपचन. म्हणून नेत होते त्यांना. बंदूक कुठची! घरात झुरळ निघालं तर तुझ्या आजीला हाक मारायचे.” काडतुसाची घरं बरोब्बर कुपीच्या मापाची, 20 मिलिमीटरच्या आसपास.

थैली मी पुसून बैठकीत खुंटीला लावली. भाच्याला यातलं काही कळवलं नाही.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. तिकडची घड्याळं एक तास मागे गेलेली, त्यामुळे इथे साडेआठ तेव्हा तिथे रात्रीचे आठच. चार दिवस बर्फात फिरून एल्क म्हणून काही दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी एका मित्राचा पाय मुरगळला, तेव्हा त्याचं सगळं सामान त्या मटणाच्या फटीत बांधून यानेच वाहून आणलं. फारच भारी बॅग आहे म्हणाला.

मग जरा थांबून म्हणाला, “मामा, पणजोबांचा नेम कसा होता रे?”

मी खुंटीकडे बघितलं.

“नेमाचं माहीत नाही,” मी म्हणालो. “पण गोळी लागू पडायची म्हणतात.”

“दिवसातून तीनदा घेतली तर,” आतून आई म्हणाली.