परगावी नाताळ साजरा करू इच्छिणाऱ्या कुटुंबवत्सल इसमांस सूचना

ज्या गृहस्थास नोकरीतील बदलीने वसईच्या वाडीतून उचलून नागपुरात आणून टाकले आहे, ज्याचा रजेचा अर्ज नामंजुरीच्या शेऱ्यासह परत आला आहे, आणि म्हणून ज्यास यंदाचा नाताळ नंदनवनातील भाड्याच्या दोन खोल्यांत सहकुटुंब काढणे प्राप्त आहे, त्याने घर दूर राहिले म्हणजे घरची माणसेही दूर राहिली हा भ्रम सर्वप्रथम टाकून द्यावा. माणसे वसईत राहतात. त्यांचे हुकूम विदर्भ एक्सप्रेसने येतात.

हे हुकूम वसईच्या आत्याबाईंनी खोक्यांत बांधलेले असतात. करंज्यांच्या डब्याखाली कन्येसाठी गुलाबी फ्रॉक, गुलाबी छत्री व गुलाबी चूलबोळकी, आणि चिरंजीवांसाठी निळा सदरा व निळी मोटार निघेल. खोके उघडल्यापासून अल्पावधीतच कन्या मोटारीवर आणि चिरंजीव चुलीवर कबजा करतील. अशा प्रसंगी आत्याबाईंनी ठरविलेली वर्णव्यवस्था काटेकोरपणे अमलात आणावयाची असल्यास बंदोबस्ताचा आरंभ मुलांपासून करू नये, नाताळसाठी मांडलेल्या गोठ्यापासून करावा. गोठ्यातील पवित्र मरिया शतकानुशतके निळे वस्त्र पांघरून बसली आहे. ही बेशिस्त दिसताच तिला गुलाबी रंग द्यावा व बाळाच्या शुभ्र वस्त्राची निळीने दुरुस्ती करावी. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी धर्मगुरूंनी गुलाबी झगा परिधान करण्याची परंपरा असल्याने, त्या दिवशी नागपुरातील सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये तसा प्रकार आढळल्यास रीतसर तक्रारअर्ज गुदरावा. अर्जात 'पूर्वापार चाल' हे शब्द मात्र लिहू नयेत, कारण समोरचा इसम बहुश्रुत निघाल्यास पंचाईत होईल: जून १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग अधिक ठाम म्हणून मुलग्यांचा आणि निळा नाजूक म्हणून मुलींचा, असा नेमका उलटा निवाडा दिला होता. दुकानदारांचा निवाडा फिरला, आणि आत्याबाईंची पूर्वापार चाल त्याच्यामागून फिरली. शेजाऱ्यांकडेही दाखला मागू नये. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात ते मुलगा-मुलगी न पाहता सरसकट काळे झबले चढवितात, तेव्हा त्यांची साक्ष या कज्जात निरुपयोगी आहे.

आता गोठ्यातील बैलाविषयी, कारण येथवरची सारी तजवीज याच ठिकाणी अडते. गाढव, मेंढरे व तीन राजे खोक्यात सुखरूप येतात. बैलाची शिंगे प्रवासात मोडतात. नवा बैल शोधण्यासाठी इतवारीच्या बाजारात पायपीट करण्याचे कारण नाही. नागपुरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापासून, १८०६ पासून असे सांगतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, आणि त्यासाठी घरोघरी बाळगलेला चाकांचा लाकडी बैल डिसेंबरात फडताळावर निवृत्तिवेतन भोगीत असतो. घरमालकीणबाईंना 'काकू' म्हणून नम्रपणे विनंती केल्यास तो मिळतो. तो आणल्यावर संत योसेफाचे मस्तक त्याच्या गुडघ्याशी लागते व तीन राजे त्याच्या पोटाखालून दर्शनास येतात. प्रमाणबद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या वर्षापुरता तो तहकूब ठेवावा. बैलाच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि अंगावर रंगाऱ्याजवळ त्या दिवशी उरले असतील ते सर्व रंग असतात; त्यामुळे कन्या व चिरंजीव दोघेही त्यावर सारखाच हक्क सांगतील व मध्यरात्रीच्या मिस्सेला निघण्याच्या वेळेपर्यंत त्यास खोलीभर ओढीत राहतील. थंडीची पर्वा न करता त्यांस सोडवून, स्वेटर चढवून, सदरकडे न्यावे. स्वेटर कोणाचा कोणास चढला याची चौकशी अंधारात करू नये.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल येईल. आत्याबाई गोठा पाहतील, बराच वेळ काही बोलणार नाहीत, आणि मग विचारतील, "हा बैल कुणासाठी घेतला रे, पोराला की पोरीला?" अशा वेळी "घरमालकांचा आहे" एवढेच सत्य सांगून फोन मुलांच्या हाती द्यावा.